परदेशाचे कागद, नागपूरची खटपट: तुमचे अनुभव सांगा

वैदर्भीय

भाचीचं जर्मनीचं ठरलं आणि घरी दिवाणाखालची ट्रंक बाहेर निघाली. व्हिसा तिकडचा देश देतो, पण त्याला लागणारे निम्मे कागद आपल्याच महाल-इतवारीच्या कपाटांत असतात, असं माझं मत होत चाललंय. मुंबईत खिडकीवर काय विचारतात ते सगळीकडे वाचायला मिळतं. त्याआधी इथे काय जमवावं लागलं ते लिहा. एजंटांनी कृपया लांब राहावं.

माझ्याकडून एवढंच: भारतातली पदवी घेऊन जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. गुणपत्रिका खऱ्या आहेत याची ती तपासणी. त्याला वेळ लागतो, तेव्हा आधी अर्ज त्याचा करा, ब्लॉक्ड अकाउंट (तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वगैरे नंतर.

हनुमाननगरची सून

माहेर अमरावतीचं. लग्नात तांदळात नाव लिहिलं आणि पहिल्या नावासकट सगळं बदललं. दहावीच्या सनदेवर एक बाई, आधारवर दुसरी. नवरा अमेरिकेत, मला एच-४ वर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, जायचं. राजपत्रात नावबदल छापून आणला, महापालिकेच्या झोन ऑफिसातून विवाह नोंदणीचा दाखला घेतला, मग पासपोर्ट. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात 'आणखी कोणती नावं वापरली होती का' असा प्रश्न असतोच, तिथे जुनं नाव सरळ लिहिलं. मुलाखतीत कुणी एका शब्दानं विचारलं नाही. लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवता येतं, हे मात्र मला सगळं झाल्यावर कळलं. जाऊबाईंनी तेच केलं. सासूबाई थोड्या फुगल्या, पण जाऊबाईंचे कागद बिनबोभाट झाले.

संत्रावाले

काटोल तालुक्यात बाग, मुलगा इंग्लंडला एमएस्सीला. ब्रिटनचा नियम असा की फी आणि राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस असला पाहिजे. मधे एक दिवस रक्कम कमी पडली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आता संत्र्याचा पैसा असा बसून राहतो का? बहार तुटला की येतो आणि मजुरी, फवारणी, सोसायटीचं कर्ज करत निघून जातो. कॉलेज सप्टेंबरचं, म्हणजे पैसा दाखवायचा पावसाळ्यात, नेमका पेरणीच्या वेळी. म्हणून मृग बहाराचे पैसे आल्याबरोबर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव केली आणि घरात सांगून ठेवलं, याला हात लावायचा नाही. बायकोनं मोटारपंपाची दुरुस्ती तेवढे दिवस उधारीवर निभावली.

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये दाखवण्यासारखं काही नसतं. सातबारा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि कळमना बाजारातल्या अडत्याच्या पट्ट्या (माल विकल्याच्या हिशेबाच्या पावत्या) लावून फाईल केली. खातं माझ्या नावाचं, म्हणून मुलाचा जन्मदाखला आणि माझं संमतिपत्र जोडलं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर टीबीची तपासणीही लागते. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही अर्ज करतानाच भरायचा. फीच्या हिशेबात तो धरा, बरेच जण विसरतात.

बुटीबोरीवाला

मी वेल्डर. आता कतारले आहो. माह्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का, काहून का अर्ज भरून देनाऱ्यानं दहावीची सनद जोडलीच नव्हती. ईसीआरवाल्याले कामासाठी १८ देशांत जायचं तं सरकारची वेगळी परवानगी लागते. सनद लावून पासपोर्ट नवा काढला, शिक्का गेला. एजंट लाखाच्या वर मांगत होता. नोंदणी असलेल्या एजंटाले ३० हजार अन् जीएसटी, याच्यावर घेताच येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर त्याची नोंदणी पाहून घ्या, मंगच पैशाची गोष्ट करा बाप्पा.

धंतोलीच्या आजी

माझा जन्म १९५१ चा, नागपूरचाच. मुलीकडे कॅनडाला जायचं म्हणून शाळेचा दाखला काढला, त्यावर जन्मस्थान 'नागपूर, मध्य प्रदेश'. मुलगी फोनवर म्हणे, "आई, तू मध्य प्रदेशात कधी होतीस गं?" तिला सांगितलं, मी कुठे गेले नाही, राज्यच हललं. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, हे आजकालच्या मुलांना ठाऊक नाही. पासपोर्टवर महाराष्ट्र, दाखल्यावर मध्य प्रदेश. अर्जासोबत चार ओळींचा खुलासा जोडला, तेवढ्यावर भागलं. सुपर व्हिसावर (तिथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीचा व्हिसा) एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. माझ्या वयाला त्याचा हप्ता ऐकून मी जायचंच नाही म्हटलं होतं. जावयांनी भरला.

वैदर्भीय

संत्रावाले भाऊ, अडत्याची पट्टी तर मराठीत असते. भाषांतर कुणाकडून केलं?

संत्रावाले

सिव्हिल लाइन्समधल्या एका भाषांतरकाराकडून. मजकूर तंतोतंत आहे असं त्यानं लिहून द्यावं लागतं, खाली पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्क. मूळ पट्टीची प्रत मागे जोडायची. आणि पट्टी पक्की घ्या. आमच्या अडत्यानं आधी वहीच्या पानावर आकडे मांडून दिले होते, ते परत करून छापील घेतली.