मदत हवी आहे: चाव्याच्या खुणेवरून आरोपी ओळखता येतो का?

नमस्कार मंडळी, मी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सेमिनारला बाईट मार्क हा विषय घेतलाय. सुरुवातीला वाटलं सोपं आहे, टेड बंडी या अमेरिकन सिरियल किलरला 1979 मध्ये याच पुराव्याने अडकवलं, मग रे क्रोन या अमेरिकन माणसाची केस वाचली आणि झोपच उडाली, दातांची ठेवण जुळते म्हणून त्याला 1992 मध्ये मृत्युदंडाची शिक्षा झाली आणि 2002 मध्ये डीएनएने कळलं की गुन्हेगार दुसराच होता, म्हणजे दहा वर्षं गेली की हो माणसाची!

काल स्वतःच्या दंडावर चावून बघितलं. आधी खालचे चार दात स्पष्ट उमटले, अर्ध्या तासात नुसता लालसर गोल उरला, आणि हात वाकवला की त्याचा आकारच बदलतो. मग यावरून "हाच तो" असं कोर्टात कसं सांगायचं?

मला वाटतं खुणेपेक्षा डीएनएसाठी तिथली लाळ महत्त्वाची, आधी फोटो मग एक ओला आणि एक कोरडा स्वॅब. पण जखम धुतली गेली असेल तर काय हाती लागतं? फॉरेन्सिकमध्ये काम केलेल्या कुणी प्लीज सांगा, आणि नुसत्या खुणेवरून संशयिताला निदान वगळता तरी येतं का?