शेलमधल्या पांढऱ्या शिरा: तेलाची खूण की गळतीचा पुरावा?

दगडफोड्या:
अर्जेंटिनातला वाका मुएर्ता शेल घ्या, म्हणजे चिखलाचे थर दबून झालेला, तेल-वायू देणारा खडक. काळ्या थरांना समांतर कॅल्साइटच्या (चुनखडीतलं खनिज) पांढऱ्या शिरा, आतले तंतू उभे. इंग्लंडमधल्या डॉर्सेटचे खाणकामगार अशा शिरांना 'बीफ' म्हणत, मांसाच्या रेषांसारख्या दिसतात म्हणून. सेंद्रिय द्रव्याचं तेल होताना दाब इतका चढतो की वरचं ओझं उचललं जातं, थर विलग होतात आणि फटीत कॅल्साइट वाढतं. काही स्फटिकांत तेलाचे थेंबही अडकलेले असतात, अतिनील प्रकाशात चमकतात. माझं म्हणणं सरळ आहे: शिरा दाट, तर शेल चांगला.

शंकासुर:
राखेवरून चूल पेटली होती एवढं कळतं. भात उरलाय का, ते कसं कळणार? चीनच्या सिचुआनमधला लोंगमाशी शेल पाहा. फुलिंगला आजही दाब जास्त आहे आणि वायू भरपूर. आग्नेयेला पेंगशुईत दाब साधारणच. शिरांमधला कोंडलेला मिथेन मात्र दोन्हीकडे जुन्या अतिदाबाचीच साक्ष देतो. नंतर जमीन उचलली गेली, प्रस्तरभंग झाले, वायू निसटला. शीर काय, तेव्हाचं सांगते.

कोअरवाला:
दोघंही फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडणं, विसरलात. टेक्ससच्या बार्नेट शेलमध्ये भेगा कॅल्साइटने बुजलेल्या आहेत, म्हणजे त्यातून वायू वाहत नाही. पण कॅल्साइट शेलला घट्ट चिकटत नाही, त्यामुळे पाण्याचा दाब दिला की तिथेच उकलतं. उलट वाका मुएर्तातल्या आडव्या शिरा वर चढणाऱ्या भेगेला अडवू शकतात. एकच खनिज, एकीकडे मदत, दुसरीकडे अडथळा!

दगडफोड्या:
शंकासुर, राखेचं मान्य. पण जिथे चूलच पेटली नाही तिथे भात शोधायला कोण जाईल? पहिली चाळणी म्हणून तरी शिरा मोजायला हव्यातच.

शंकासुर:
मोजा की! पण उभ्या विहिरीच्या चार इंची कोअरमध्ये, म्हणजे खोदून काढलेल्या दंडगोल नमुन्यात, आडवी शीर दरवेळी सापडते, उभी क्वचितच. म्हणजे तुमची मोजणीच मुळात एकांगी.

कोअरवाला:
+१. आडव्या विहिरीतला कोअर फार कमी जण काढतात, खर्च परवडत नाही.

दगडफोड्या:
बरं, शिरा किती दाट ते राहू द्या. शिरेचं वय युरेनियम-शिसे पद्धतीने काढता येतं, थेंबांवरून तापमानही कळतं. शीर जमीन उचलली जाण्याआधीची की नंतरची, एवढं कळलं तर चालेल ना?

शंकासुर:
चालेल. मग धाग्याचं शीर्षक बदला.