मदत हवी आहे: ब्लेड सर्व्हरवर सीरियल केजीडीबी, पॅकेट एरर येतात आणि ब्लेड आपोआप रीबूट होतो

बूटलोडर:
मंडळी, पार अडकलोय. लॅबमध्ये जुनं १० यू उंचीचं चेसिस (अनेक ब्लेड, म्हणजे पातळ सर्व्हर, बसवायचा सांगाडा) आहे, त्यातल्या एका ब्लेडवर आमचा नेटवर्क ड्रायव्हर लोड वाढला की मशीन गोठवतो, पॅनिक (लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, चूक ओळखून थांबणं) वगैरे काही नाही, नुसतं ठप्प, त्यामुळे केडंपकडून (पॅनिकच्या वेळी मेमरीची प्रत ठेवणारं साधन) काहीच हाती लागत नाही, म्हणून म्हटलं केजीडीबी (कर्नेल थांबवून दुसऱ्या मशीनवरच्या जीडीबी डीबगरने तपासायची सोय) लावून बघू. ब्लेडला सीरियल पोर्ट कुठे दिसत नाही म्हणून आयपीएमआयचं (सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) सीरियल ओव्हर लॅन (एसओएल, म्हणजे सीरियल पोर्टची अक्षरं नेटवर्कवरून) वापरतोय.

बायोसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन चालू आहे. कर्नेल लाइनवर (बूटच्या वेळी कर्नेलला द्यायचे पॅरामीटर) कन्सोल आणि केजीडीबीओसी (केजीडीबीने कुठला पोर्ट वापरायचा ते) दोन्हीला टीटीवायएस१ हा सीरियल पोर्ट, स्पीड ११५२००, शिवाय केजीडीबीवेट (बूटलाच जीडीबीसाठी थांब) आणि नोकेएएसएलआर (कर्नेलचे मेमरीतले पत्ते दर बूटला बदलू नको). बूटचे मेसेज दिसतात, जीडीबीची वाट बघत थांबतंही बरोबर. पुढे सोकॅटने (दोन कनेक्शन एकमेकांना जोडणारी कमांड) एसओएल एका स्यूडो, म्हणजे आभासी, टर्मिनलला जोडून जीडीबीतून टार्गेट रिमोट (जोडणीची कमांड) मारला की कधी रजिस्टर येतात, कधी पॅकेट एररची नुसती रांग. आणि जरा निवांत स्टॅक बघत बसलो की ब्लेड स्वतःच रीबूट! लॉगमध्ये अवाक्षर नाही. एसओएलवर हे कुणी धड चालवलंय का?

जुना सिसॲडमिन:
आधी रीबूटचं बघू. केजीडीबीत शिरलं की सगळे सीपीयू थांबतात. सॉफ्टलॉकअपच्या वॉचडॉगला (सीपीयू अडकला का ते बघणारा राखणदार) कर्नेल स्वतः सांभाळून घेतं, पण बीएमसीतला (ब्लेडवरची देखरेखीची वेगळी चिप) हार्डवेअर वॉचडॉग वेगळा, त्याला वेळोवेळी जागं आहे म्हणून कळवणारा डेमनच (मागे चालत राहणारा प्रोग्राम) थांबलेला, मग मुदत संपली की तो सरळ रीसेट मारतो. आयपीएमआयटूलमध्ये (आयपीएमआयच्या कमांड द्यायचं साधन) एमसी वॉचडॉग गेट करून बघ, चालू असेल तर ऑफ कर. सिस्टिमडीत (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) रनटाइम वॉचडॉग लावलेला असेल तर पुढच्या बूटला तो परत चालू होईल, तिथूनही काढ. नोंद बीएमसीच्या इव्हेंट लॉगमध्ये मिळेल, कर्नेलच्या लॉगमध्ये कशी येणार बाबा.

नेटवर्कवाली:
पॅकेट एररचं मी सांगते. एसओएल माणसाने वाचायला ठीक आहे, जीडीबीला नाही. यूआर्टची (सीरियल पोर्टची चिप) अक्षरं बीएमसी थोडी साठवते आणि नेटवर्कवर यूडीपीच्या ६२३ पोर्टवरून पाठवते, गर्दी झाली की एखादं गळतं, माणसाला ते चालून जातं पण जीडीबीच्या प्रत्येक पॅकेटच्या शेवटी दोन हेक्स अंकांचा चेकसम (पॅकेट धड आलं का ते पडताळायची बेरीज) असतो, एक अक्षर गेलं की अख्खं पॅकेट परत. जीडीबीचा रिमोट टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) वाढवून थोडा फरक पडेल, फार आशा नको. ब्लेडच्या पुढच्या बाजूला बहुतेक एक चपटा कनेक्टर असेल, त्याला लागणारा डोंगल चेसिसबरोबर येतो आणि कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडून राहतो. बऱ्याच ब्लेडना त्यातून व्हीजीए, यूएसबी आणि नऊ पिनचा खरा सीरियल मिळतो. त्याला नल मोडेम केबल (पाठवायची आणि घ्यायची तार अदलाबदल केलेली) लाव, साधी सरळ केबल चालणार नाही. कुठला पोर्ट खरा ते डीमेसेजमध्ये (कर्नेलचे मेसेज दाखवणारी कमांड) पत्त्यावरून ओळख, ०एक्स३एफ८ म्हणजे टीटीवायएस०, ०एक्स२एफ८ म्हणजे टीटीवायएस१. केजीडीबीओसी खऱ्या पोर्टला दे, कन्सोल एसओएलवरच राहू दे. एकाच पोर्टवर दोन्ही ठेवायचं असेल तर एजंट प्रॉक्सी हा प्रोग्राम वापर, तो कन्सोल आणि जीडीबी दोन टीसीपी पोर्टवर वेगळे करून देतो.

बूटलोडर:
ताई, डोंगल सापडला, ड्रॉवरमध्येच होता! वॉचडॉग पण चालूच होता, बंद केल्यापासून रीबूट नाही, आणि केबलवर जीडीबी एकदम स्थिर. आता पुढचं दुखणं, कंटिन्यू दिल्यावर कंट्रोल सी दाबलं तर काहीच होत नाही. मग मशीन गोठल्यावर आत शिरायचं कसं?

जुना सिसॲडमिन:
केजीडीबीओसीत कंट्रोल सीने थांबत नाही, सिसआरक्यू जी (कर्नेलला थेट दिलेला, केजीडीबीत शिरायचा आदेश) लागतं. मशीन जिवंत असेल तर एसएसएचमधून (नेटवर्कवरून लॉगिन) सिसआरक्यू ट्रिगर फाइलला जी लिही. गोठलं असेल तर कन्सोलच्या पोर्टवर ब्रेक (सीरियल लाइनवरचा खास सिग्नल) पाठव आणि पाच सेकंदांत जी दाब, आयपीएमआयटूलच्या एसओएलमध्ये ब्रेकसाठी एंटर मारून टिल्ड आणि मोठा बी. मात्र ज्या सीपीयूकडे सीरियलचा इंटरप्ट (हातचं काम थांबवून लक्ष दे असा सिग्नल) जातो तोच इंटरप्ट बंद करून अडकला असेल तर हेही चालणार नाही, आणि तुझ्या वर्णनावरून मला तीच शंका येते. तेव्हा कर्नेल लाइनवर अननोन एनएमआय पॅनिक १ ठेव (एनएमआय म्हणजे सीपीयूला बंद करता न येणारा इंटरप्ट) आणि गोठल्यावर आयपीएमआयटूलने चेसिस पॉवर डायग दे, त्याने एनएमआय जातो, पॅनिक होतं आणि केजीडीबी ते पकडतं. पॅनिक टाइमआउट (पॅनिकनंतर आपोआप रीबूट कधी करायचं ते) शून्यच हवा हं, नाहीतर केजीडीबी मधे पडतच नाही, कर्नेल सरळ रीबूटच्या वाटेला लागतं.