वडिलांचे प्राप्तिकर विवरणपत्र : ‘सहज’ की आयटीआर-२?

प्रश्न :
माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले असून त्यांना निवृत्तिवेतन आणि ठेवींवरील व्याज मिळते. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये म्युच्युअल फंडाची काही युनिट्स विकून त्यांना सुमारे ७०,००० रुपयांचा दीर्घकालीन नफा झाला. सव्वा लाखापर्यंतचा असा नफा आता आयटीआर-१ मध्येच, म्हणजे ‘सहज’मध्ये, दाखवता येतो असे वाचनात आले. सोयाबीनचेही खर्च वजा जाता ४०,००० रुपये आले आहेत. पण शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे फॉर्म निवडताना ते विचारात घेतले नाही तर चालेल का?

उत्तर १ :
चालणार नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते ५,००० रुपयांच्या वर गेले की ‘सहज’ भरता येत नाही, त्यामुळे आपल्या वडिलांना आयटीआर-२ भरावा लागेल. यामागे कारण आहे : इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असल्यास कराचा दर ठरवण्यासाठी शेतीचे उत्पन्न त्यात मिळवून हिशेब केला जातो, आणि ती सोय ‘सहज’मध्ये नाही. चुकीचा फॉर्म भरल्यास कलम १३९(९) खाली विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस येऊ शकते.

उत्तर २ :
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु नफ्याबाबतही एक गोष्ट तपासावी. सव्वा लाखाची सवलत केवळ कलम ११२अ खालील, म्हणजे सूचीबद्ध समभाग आणि समभागाधारित फंड यांवरील दीर्घकालीन नफ्याला आहे. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर घेतलेला डेट फंड (म्हणजे मुख्यतः कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारा फंड) असेल, तर तो कितीही काळ ठेवला तरी नफा अल्पकालीनच धरला जातो, आणि अल्पकालीन नफा शंभर रुपयांचा असला तरी ‘सहज’ बाद होतो. मागील वर्षांचा भांडवली तोटा पुढे ओढायचा असेल, तरीही हेच लागू पडते.

प्रश्नकर्ता :
फंड समभागांचाच आहे. जमीन वडील आणि काका यांच्या सामाईक नावावर आहे, तर संपूर्ण रक्कम वडिलांच्या विवरणपत्रात दाखवावी का?

उत्तर १ :
केवळ वडिलांच्या वाट्याची रक्कम दाखवावी. आयटीआर-२ मध्ये शेतीची एकूण आवक आणि खर्च वेगवेगळे विचारले जातात, त्यामुळे आडत्याच्या पट्ट्या आणि खते-बियाण्यांच्या पावत्या हाताशी ठेवाव्यात. जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, बागायती की कोरडवाहू हा तपशील मात्र निव्वळ उत्पन्न पाच लाखांहून अधिक असेल तरच द्यावा लागतो.