पाय अधांतरी, जीव टांगणीला: इन्व्हर्टेड कोस्टरचे अनुभव लिहा

सोनचाफा
भाचा शिकागोला शिकतोय. काल त्याने गर्नीच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमधल्या 'बॅटमॅन द राइड'चा व्हिडिओ पाठवला आणि माझे तळपाय गार पडले! १९९२ साली सुरू झालेला हा पहिला इन्व्हर्टेड रोलर कोस्टर. रूळ डोक्यावर, आपण खाली टांगलेले. उंची १०० फूट, वेग ताशी ५० मैल. "हॅ, एवढंच?" म्हणणाऱ्यांनी पहिल्या रांगेत बसावं. लूपमध्ये आपण बाहेरच्या अंगाने फिरतो, त्यामुळे माथ्यावर पोचलं की पायांपलीकडे नुसतं आकाश. मी बुटात बोटं आवळून धरली होती. कशाला, देव जाणे. तुम्ही कोण कोण बसलायत?

झंपी
नायट्रो!! खोपोली, ऑफिस पिकनिक. एचआरवाल्या मॅडमनी ज्या शिव्या दिल्या त्या अजून कानात आहेत

रूळवेडा
झंपी, इमॅजिकाचा नायट्रो फ्लोअरलेस. पाय लटकतात, पण रूळ खालीच असतो. नायट्रो आणि बॅटमॅन दोन्ही बॉलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचे, म्हणून गोंधळ होतो.

झंपी
रूळ कुठेही असो दादा, मिसळ वर आली ती आलीच 😂

एडिसनकर
आमच्या जर्सीत जॅक्सनला १९९३ पासून हाच बॅटमॅन आहे. भारतातून कोणी आलं की नेणं आलंच. बाबा "मी पिशव्या सांभाळतो" म्हणून बाकावर. आईने मंगळसूत्र कुर्त्यात खोचलं, चष्मा बाबांच्या खिशात, चपला फलाटावर, आणि चढली की! दोन लूप, दोन कॉर्कस्क्रू, मधली गिरकी, सगळं झाल्यावर म्हणते, "वरंध्यातली एसटी याहून बेकार."

मधुमालती
काकूंना दंडवत __/\__

घाईत_आहे
सिंगापूर युनिव्हर्सल. बॅटलस्टार गॅलक्टिका, दोन कोस्टरची जोडी. लाल ह्यूमन बसायचा, निळा सायलॉन लटकायचा. मी सायलॉन, नवरा ह्यूमन, समोरासमोर आलो की एकमेकांना हात करायचा असं ठरलेलं. कसला हात, डोळेच मिटलेले दोघांचे. २०१५ ला परत सुरू झाला तेव्हा ओळीत चारच्या जागी दोनच सीट केल्या म्हणे. शिट्टी झाली, येते

मधुमालती
घाईत, कशाची शिट्टी? माझी तूरडाळ हल्ली चार शिट्ट्यांतही बोटचेपी होत नाही.

घाईत_आहे
अगं आधी भिजव अर्धा तास. हिंग हळद तेल घालूनच लाव

भित्री_भागूबाई
मला जत्रेतला पाळणासुद्धा सोसत नाही. वाचूनच गरगरलं, पण लिहा, लिहा.

रूळवेडा
सोनचाफा, भाच्याला सांगा, २०१३ मध्ये गर्नीला हाच कोस्टर काही काळ उलट्या तोंडाने चालवला होता. पुढचं काहीच दिसायचं नाही.

झंपी
रूळवेडा, तुम्ही माणूस आहात की वटवाघूळ?

मधुमालती
एडिसनकर, जूनमध्ये लेकीकडे येतेय. काकू असतील का तेव्हा? कोस्टरचं राहू दे, मेतकूट कुणाला हवंय ते सांगा.

एडिसनकर
ऑगस्टपर्यंत आहे आई. मेतकूट हवंच, भाजणी पण आणा