झायत्सेव्हला घडवलं कुणी: रशियन आईवडिलांनी की इटलीने?

लिबेरो: इटलीचा व्हॉलीबॉलपटू इव्हान झायत्सेव्ह याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "तो मूळचा रशियन." वडील व्याचेस्लाव सोव्हिएत संघाचे सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारे, १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचे सुवर्णविजेते. आई जलतरणपटू. पण इव्हान जन्मला १९८८ साली इटलीतल्या स्पोलेतोत, कारण वडील तिथल्या लीगमध्ये खेळत होते. रिओ २०१६ची उपांत्य फेरी आठवा. अमेरिका २-१ ने पुढे, चौथ्या सेटमध्ये इटली १९-२२. तिथून झायत्सेव्हच्या सर्व्हिसने सामना फिरवला, सेट २५-२२ ने आला आणि पाचवाही. ज्या देशात खेळाडू घडला, त्याच देशाचा तो. बास.

नेटपल्याड: अजिबात पटलं नाही. इव्हान आधी सेटरच होता, वडिलांच्याच जागी. स्मॅश मारायला नंतर लागला. हे घरातून आलंय, आणि ते घर सोव्हिएत व्यवस्थेने उभं केलं. शिवाय तुमचा नियम विल्फ्रेदो लेऑनला लावा. त्याची आई क्यूबाची व्हॉलीबॉलपटू. २०१०च्या जागतिक स्पर्धेत क्यूबाने रौप्य जिंकलं तेव्हा त्या संघातला हा पोरगा सतरा वर्षांचा होता. पॅरिस ऑलिंपिकमधलं त्याचं रौप्य मात्र पोलंडच्या खात्यात गेलं. घडवलं क्यूबाने, पदक दुसऱ्याचं. याचं उत्तर द्या.

लिबेरो: देतो. परदेशी लीगमध्ये खेळायला गेलेल्यांना क्यूबा तेव्हा राष्ट्रीय संघात घेतच नव्हता. दार त्यांनीच लावलं. लेऑनची बायको पोलिश, २०१५ मध्ये तो पोलिश नागरिक झाला आणि तरी पोलंडकडून खेळायला २०१९ पर्यंत ताटकळला. त्याला पळपुटा म्हणणं अन्याय आहे.

तिसरा_टच: तुम्ही दोघे खेळाडूंवर भांडताय, मला राग कायद्याचा येतो. परदेशी आईवडिलांचं मूल इटलीत जन्मलं तरी नागरिकत्वासाठी अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबतं, तेही सलग तिथेच राहिलं असेल तर. झायत्सेव्हलासुद्धा नागरिकत्व २००८ मध्ये मिळालं. इटलीची व्हॉलीबॉलपटू एकातेरिना अंत्रोपोवा मात्र आइसलँडमध्ये जन्मलेली, आईवडील रशियन आणि दोघेही खेळाडू. तिला २०२३ मध्ये नागरिकत्व मिळालं, पुढच्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण. तिच्याच वयाच्या, स्मॅश न मारणाऱ्या मुलीने काय करायचं? नागरिकत्वासाठी वास्तव्याची अट दहावरून पाच वर्षांवर आणायचं इटलीतलं सार्वमत जून २०२५ मध्ये पुरेसं मतदान न झाल्याने बारगळलं.

नेटपल्याड: म्हणून मला आपला नियम बरा वाटतो. २००८ पासून भारतीय पासपोर्ट नाही तर भारतीय संघात जागा नाही. वडील भारतीय, आई जपानी असलेला फुटबॉलपटू आराता इझुमी पुणे एफसी या क्लबकडून खेळायचा. भारतासाठी खेळायला त्याने जपानी नागरिकत्व सोडलं.

तिसरा_टच: सोडलं, पण का सोडावं लागलं? आईचा देश आणि वडिलांचा देश यातला एक कागदावरून पुसायला लावणं, हा नियम कडक आहे, न्याय्य नाही. अंत्रोपोवाला मिळालं त्याबद्दल माझी तक्रारच नाही. तेवढ्याच लवकर त्या दुसऱ्या मुलीलाही मिळावं.