प्रति: सक्ती आणि औषधं
'कोर्टाने गोळ्यांची सक्ती केली की माणूस पुन्हा गुन्हा करत नाही' हे मानसिक आजार असलेल्या आरोपींच्या खास कोर्टांबद्दलचं (मेंटल हेल्थ कोर्ट) म्हणणं अर्धंच पटतं. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत १९९७ मध्ये न्यायाधीश जिंजर लर्नर-रेन यांनी असं कोर्ट सुरू केलं (तेही जेवणाच्या सुट्टीत!). तिथे येणं ऐच्छिक. नको असेल तर नेहमीसारखा खटला चालतो.

अमेरिकेतल्याच अशा एका कोर्टात मी मामेभावासोबत तीन-चारदा बसलोय. न्यायाधीशबाई गोळ्यांचं नंतर विचारायच्या, आधी 'आज रात्री झोपणार कुठे?' एकदा बसला पैसे नव्हते म्हणून त्याची तारीख चुकली. वॉरंट निघालं नाही, बसचा पास मिळाला. साध्या कोर्टात तारीख चुकली म्हणूनच तो आधी दोनदा आत गेला होता.